पर्यावरण शिकायला अमेरिकेतलं छोटं कॉलेज : बेळगाव भागातल्या मुलांसाठी आणि पालकांसाठी

पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घ्यायचं, पण नीट आणि केसीईटी या प्रवेश परीक्षांच्या रांगेत उभं राहायचं नाही, पर्यावरणात काहीतरी करायचंय, असं म्हणणारी मुलं खानापूर, बेळगाव, निपाणीकडे आता भेटू लागली आहेत. त्यातल्या काहींच्या डोक्यात अमेरिकेतली छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं असतात. तिथे साधारण दोन हजार विद्यार्थी, पीएचडीवाले जवळजवळ नाहीत, त्यामुळे प्रयोगशाळा आणि प्राध्यापक पदवीच्या मुलांच्याच वाट्याला येतात. कल्पना चांगली आहे. पण निवड मात्र बहुतेक जण रँकिंग आणि हिरव्यागार फोटोंवरून करतात, आणि तिथेच गफलत होते.

आधी पदवी नेमकी कसली हवी ते ठरवा. 'एन्व्हायर्नमेंटल स्टडीज' म्हणजे धोरण, अर्थशास्त्र, इतिहास, शेती आणि थोडं विज्ञान. 'एन्व्हायर्नमेंटल सायन्स' म्हणजे रसायन, भूगर्भ, जीवशास्त्र, आकडेमोड. भारतात परतून सरकारी नोकरीचा विचार असेल तर हा फरक जड जातो. इंडियन फॉरेस्ट सर्व्हिसच्या परीक्षेला बसायला पदवीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, भूगर्भशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, पशुवैद्यक-पशुसंवर्धन यांपैकी एक विषय तरी लागतो, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा इंजिनिअरिंगची पदवी. 'पर्यावरण' हा विषय त्या यादीत नाही. म्हणून रसायन, भूगर्भ किंवा संख्याशास्त्राचं जोड मेजर (मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय) त्या कॉलेजात चार वर्षांत बसतं का, हे अर्ज करण्याआधी बघायचं. मेजर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जाहीर करायचं असलं तरी रसायनाची साखळी पहिल्याच सत्रात सुरू झाली नाही तर पुढे सगळं अडकतं.

मग कॅटलॉग उघडा. माहितीपत्रक नव्हे, कॅटलॉग, म्हणजे सगळे कोर्स आणि पदवीच्या अटी दिलेली कॉलेजची अधिकृत यादी. चार वर्षांत साधारण 32 कोर्स होतात, त्यातले 10 ते 14 मेजरचे. त्यात संख्याशास्त्र, जीआयएस (संगणकावर नकाशे आणि जागेची माहिती मांडण्याचं तंत्र), प्रत्यक्ष जमिनीवर मोजमाप शिकवणारा एक कोर्स आणि शेवटच्या वर्षाचा प्रबंध सक्तीचा आहे का ते पाहा. हे चारही ऐच्छिक असतील तर पदवी चर्चेपुरती राहण्याचा धोका असतो. यानंतरची पायरी कुणी करत नाही : मागच्या चार सत्रांचं वेळापत्रक काढून कॅटलॉगशी ताडून बघणं. कॅटलॉगमध्ये जलविज्ञान असतं, पण ते शिकवणारा माणूस एकच असतो, तो सबॅटिकलवर (अभ्यासरजेवर) गेला की कोर्स बंद. छोट्या कॉलेजाचं हे मूळचं दुखणं आहे. विभागाच्या पानावर वीस नावं दिसतात, त्यातली निम्मी इतिहास किंवा अर्थशास्त्र विभागाची, वर्षाला एखादा कोर्स देणारी. ज्यांची नेमणूकच पर्यावरण विभागात आहे ती मोजा. 'व्हिजिटिंग' लिहिलेलं असेल तर ती व्यक्ती मुदतीच्या करारावर आहे, तिच्या भरवशावर कॉलेज निवडू नका. पुढच्या दोन वर्षांत कोण रजेवर आहे, हे विभागाला चार ओळींच्या ईमेलने विचारता येतं. उत्तर येतं का, आणि कसं येतं, त्यावरूनही बरंच कळतं.

कॉलेजाजवळ अभ्यासाला जमीन कुठली आहे, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडच्या मुलांना तो सांगावा लागू नये. एकाच जिल्ह्यात कणकुंबीचा धो धो पाऊस आणि अथणीकडचं कोरडं रान आपण बघतो. ग्रिनेल कॉलेजकडे आयोवा राज्यात 365 एकरांचं संशोधन क्षेत्र आहे, तिथे गवताळ प्रेअरी पुन्हा उभी करण्याचं काम चालतं. ओबर्लिनच्या पर्यावरण केंद्राची इमारत 2000 साली सुरू झाली, तिचं सांडपाणी वनस्पतींच्या टाक्यांतून शुद्ध करण्याची व्यवस्था इमारतीतच बसवलेली आहे. मिडलबरी कॉलेजात पर्यावरणाचं मेजर 1965 पासून आहे. बोडनचं केंट आयलंडवरचं केंद्र समुद्रपक्ष्यांच्या अभ्यासासाठी नावाजलेलं, पण ते बेट कॅनडात आहे. भारतीय पासपोर्टवर तिथे जायला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो आणि मुक्काम तीस दिवसांपेक्षा जास्त असेल तर परत येताना अमेरिकेचा व्हिसा चालू असावा लागतो. माहितीपत्रक हे सांगत नाही.

कोलोरॅडो कॉलेजात एका वेळी एकच कोर्स, साडेतीन आठवड्यांचा. त्यामुळे अख्खा वर्ग आठवडाभर रानात नेता येतो, पण रसायनही साडेतीन आठवड्यांतच उरकतं, दोन दिवस ताप आला की पोरगं मागे पडलंच. कॉलेज ऑफ द अटलांटिकमध्ये साडेतीनशेच्या आसपास विद्यार्थी आणि सगळ्यांना एकच पदवी, 'ह्यूमन इकॉलॉजी'. शिक्षण म्हणून मला ते फार आवडतं, पण वर दिलेल्या फॉरेस्ट सर्व्हिसच्या यादीसमोर आणि भारतातल्या समकक्षतेच्या कागदांत ते नाव समजावून सांगताना दमछाक होईल.

कॉलेज टिकेल का, हेही तपासा. पर्यावरणासाठीच ओळखलं जाणारं व्हरमाँटमधलं ग्रीन माउंटन कॉलेज 2019 मध्ये बंद पडलं. बहुतेक कॉलेजं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचा ठरावीक साच्यातला आकडेवारीचा तक्ता प्रसिद्ध करतात. त्याच्या बी विभागात विद्यार्थिसंख्या असते. पाच वर्षांचे आकडे शेजारी ठेवा, सतत घसरण दिसली तर सावध व्हा. त्याच तक्त्याच्या एच6 या भागात किती परदेशी विद्यार्थ्यांना मदत मिळाली आणि सरासरी किती, हे असतं. जाहिरातीपेक्षा ही ओळ खरी.

कारण सगळं शेवटी पैशापाशी येतं. यांतल्या बहुतेकांचा वर्षाचा जाहीर खर्च 80,000 डॉलरच्या वर आहे. ॲमहर्स्ट आणि बोडन परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देतानाही ऐपत बघत नाहीत. इतर बहुतेक ठिकाणी तुम्ही किती मदत मागता याचा निर्णयावर परिणाम होतो. संकेतस्थळावरचे खर्चाचे कॅल्क्युलेटर मुख्यतः अमेरिकी नागरिकांसाठी असतात, त्यातल्या आकड्यावर विसंबू नका.

मदतीसाठी बहुधा सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरचं उत्पन्न आणि मालमत्ता सांगणारा ऑनलाइन फॉर्म, भरावं लागतं, आणि शेतकरी घरांचं घोडं इथेच पेंड खातं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे रिटर्न नसतं किंवा शून्याचं असतं. दुसरीकडे जमीन मालमत्ता म्हणून दिसते. बायपासलगतच्या शेताला दलाल गुंठ्याला जो भाव सांगतात तो लिहिला की कागदावर तुम्ही कोट्यधीश, मदत संपली. कमी दाखवणंही चुकीचं, पकडलं गेलं तर प्रवेश रद्द होऊ शकतो. उपनोंदणी कार्यालयाचा सरकारी दर घ्या आणि तो कशावरून घेतला ते लिहा. उताऱ्यावर आजोबा, काका, आत्या अशी सामाईक नावं असतील तर वडिलांच्या हिश्शाचंच मूल्य धरा आणि विशेष परिस्थितीच्या रकान्यात वाटणी झालेली नाही हे स्पष्ट सांगा. सोबत कारखान्याची ऊसबिलं, भात विक्रीच्या पावत्या, सोसायटीच्या कर्जाचा दाखला. नाडकचेरीचा उत्पन्नाचा दाखला आणि उतारा कन्नडमध्ये असतो, त्यांचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून घ्यायला वेळ लागतो. ऑक्टोबरात धावपळ नको, उन्हाळ्यातच उरका.

तसंच गुणपत्रकांचं. कॉलेजांना नववीपासूनचे गुण लागतात, पण आपल्याकडे दहावीपर्यंत हायस्कूल आणि पुढे पीयू कॉलेज अशा दोन संस्था. नववीचा निकाल मराठी माध्यमाच्या शाळेत मराठीतच असतो आणि मुख्याध्यापक बदलले की सही मिळवणं कटकटीचं होतं. कॉमन ॲपला, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक ऑनलाइन अर्जाला, शाळेतल्या समुपदेशकाचं पत्र लागतं. पीयू कॉलेजात असा कुणी नसतो, ते काम प्राचार्य करू शकतात, फक्त त्यांचा रोज उघडला जाणारा ईमेल हवा. 'अर्ली डिसिजन'ची मुदत नोव्हेंबरात असते आणि तो अर्ज बांधून घेणारा असतो, प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं; नियमित अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला.

मदतीचं पत्र आलं की अनुदान, कर्ज आणि कॅम्पसवरची नोकरी वेगवेगळी मांडा. ती नोकरी सत्र चालू असताना आठवड्याला कमाल 20 तास, तेही मिळाली तर. आरोग्य विमा, विमानभाडं आणि सुट्टीत वसतिगृह बंद असतानाचा खर्च धरलाय का ते विचारा. शिक्षणशुल्काबाहेरच्या, म्हणजे राहण्या-जेवणाच्या शिष्यवृत्तीतून 14 टक्के कर कापला जातो. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना विवरणपत्र भरताना प्रमाणित वजावट घेता येते, पण ते पुढच्या वर्षी, तोवर पैसे अडकलेले.

उन्हाळी इंटर्नशिपबद्दलही आधीच विचारा. अमेरिकेच्या सरकारी वन आणि पर्यावरण खात्यांतली कामं बहुधा नागरिकांनाच मिळतात. कॉलेजचा स्वतःचा संशोधन निधी परदेशी विद्यार्थ्याला मायदेशात वापरता येतो का, हा प्रश्न विचाराच. येत असेल तर मलप्रभेच्या उगमापाशी किंवा बळ्ळारी नाल्याच्या पुरात बुडणाऱ्या शिवारात प्रबंधाचं काम करता येईल. पदवीनंतर अमेरिकेत एक वर्ष काम करता येतं, विज्ञान शाखेत गणल्या जाणाऱ्या पदवीला आणखी 24 महिने. पदवी विज्ञानात गणली जाते की नाही हे तिच्या सीआयपी क्रमांकावरून (अमेरिकी सरकारच्या अभ्यासक्रम वर्गवारीतल्या क्रमांकावरून) ठरतं, म्हणून 'स्टडीज'ची पदवी कोणत्या क्रमांकाखाली देतात, हे लेखी घ्या.

प्रवेश घेणार की नाही याचं उत्तर साधारण 1 मेपर्यंत द्यायचं असतं. तोवर इथले अर्ज चालू ठेवा : पुण्याचं फ्लेम, आंध्रातलं क्रिया, बंगळूरचं अझीम प्रेमजी ही विद्यापीठं. त्यांच्याही अभ्यासक्रमाला कॅटलॉग आणि वेळापत्रकाची हीच चाळणी लावा.