ड्रायर किती वीज खातो? आधी मशीनचा स्पिन बघा

पावसाळा लागला की ओळखीतल्या कुणाचा तरी मेसेज येतोच, "अगं तुझ्याकडे ड्रायर आहे ना, लाईट बिल किती वाढलं गं?" यंदा नणंदेनं विचारलं. तिचा डोंबिवलीत नवीन फ्लॅट, बाल्कनी काचा लावून बंद केलेली, दोन शाळेतली पोरं, आणि दुकानदारानं तिला सांगून ठेवलंय की "मॅडम काही नाही हो, फ्रिजएवढीच वीज घेतो." आता फ्रिज दिवसभर चालून एखादं युनिट घेत असेल, चांगला असला तर त्याहून कमी, आणि ड्रायर तेवढं पहिल्या अर्ध्या तासातच संपवतो. म्हणून तिला फोनवर जे सांगितलं तेच जरा सविस्तर इथे लिहितेय, म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं की लिंक पाठवून मोकळी.

आधी साधा हिशोब. ड्रायर कपडे नाही वाळवत, तो पाण्याची वाफ करतो, आणि एक लिटर पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते तेवढी लागतेच, मग मशीन कुठल्याही कंपनीचं असो. ती उष्णता साधारण 0.65 युनिट. त्यात ड्रम तापतो, कपडे तापतात, गरम हवा पाइपातून बाहेर जाते, मोटर फिरते, हे सगळं धरून साध्या हीटरवाल्या ड्रायरला लिटरमागे एक युनिटच्या आसपास पडतं. म्हणजे पाच किलो कपडे, त्यात तीन लिटर पाणी, तर तीन युनिट. मॉडेल, स्टार, ब्रँड, ॲप हे सगळं नंतर बघा, मशीनमधून निघालेल्या कपड्यांत पाणी किती राहिलंय हा पहिला प्रश्न.

खात्री करायची असेल तर मीटरजवळ जाऊन उभं राहा. आमच्या मीटरवर 3200 इम्पल्स म्हणजे एक युनिट असं छापलेलं आहे, लाल दिवा तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. रात्री घरात फक्त फ्रिज आणि पंखे असताना तो दिवा आरामात टिमटिमत असतो, आणि ड्रायर लावला की एकदम सेकंदाला दोनदा लुकलुकायला लागतो, टक टक टक, बघवत नाही. मग कपडे वाळत आले की थर्मोस्टॅट हीटर बंद करतो आणि नुसता ड्रम फिरतो, तेव्हा दिवा पुन्हा शांत होतो. शेवटची दहा मिनिटं 'कूल डाऊन' असतं ते जवळजवळ फुकटच, ते वाचवायला म्हणून मशीन मधेच बंद करू नका, कपड्यांना सुरकुत्या तेवढ्या पडतील.

आता दर. महावितरणचे घरगुती स्लॅब 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे असे आहेत. बऱ्याच लोकांना वाटतं की 300 ओलांडले की सगळंच बिल वरच्या दरानं लागतं, तसं नाहीये, पहिली शंभर युनिटं स्वस्तातच राहतात आणि फक्त वरची युनिटं महाग पडतात. पण गंमत अशी की ड्रायरची युनिटं ही कायम वरचीच असतात, कारण फ्रिज, पंखे, गिझर, टीव्ही हे तर आधीच चालू आहे. त्यामुळे महिन्याचं बिल भागिले युनिट असा सरासरी दर काढून ड्रायरचा खर्च काढाल तर तो कमीच दिसणार. माझ्याकडे वीज शुल्क वगैरे सगळं धरून वरचं युनिट साधारण 13 रुपयांना पडतं, म्हणजे एक घाणा चाळीसेक रुपयांचा, आणि आठवड्यातून तीन घाणे काढले तर महिन्याला पाचशेच्या आसपास. घरात एसी चालतो आणि युनिटं आधीच 300 च्या वर गेली असतील तर तेच तीन युनिट 17-18 च्या भावानं पडतात, पन्नाशी ओलांडते. लॉन्ड्रीला दोन चादरी टाकल्या तरी यापेक्षा जास्त होतात हे माझ्या नवऱ्याचं म्हणणं, आणि ते खरंय, पण लॉन्ड्रीत आपण रोजचे मोजे आणि बनियन टाकत नाही ना.

तर आता स्पिन, ज्याच्याकडे कुणी बघत नाही. माझ्याकडे प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला छोटा काटा आहे, त्याला मी एक अर्धा किलोचा जाड टॉवेल लटकवून बघितला. मशीनमध्ये 800 चा स्पिन (म्हणजे मिनिटाला 800 फेरे) ठेवला तर त्यात साडेतीनशे ग्रॅम पाणी राहिलं, 1200 ठेवला तर पावणेतीनशे. हातात घेऊन दोन्ही सारखेच ओले लागतात बरं का, फरक कळत नाही. पण हेच पाच किलोंना लावा, पाऊण लिटर पाणी कमी झालं, म्हणजे ड्रायरमध्ये पाऊण युनिट आणि वीसेक मिनिटं वाचली. आणि तो जादा स्पिन करायला मशीननं किती घेतलं? रुपयाच्या आतच. पाणी गरगर फिरवून फेकणं आणि तेच पाणी वाफ करून घालवणं यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण दुकानात कुणी स्पिनच्या स्पीडबद्दल बोलत नाही, सगळे वायफायबद्दल बोलतात!

टॉप लोडवाल्यांसाठी वेगळं सांगते. टॉप लोड फुली ऑटोमॅटिकचा स्पिन बहुतेक वेळा 700-800 च्या आसपास असतो, त्यामुळे त्यातून निघालेले कपडे थेट ड्रायरमध्ये टाकले की बिल जास्त येणार, यात ड्रायरचा काही दोष नाही. 'एक्स्ट्रा स्पिन' असेल तर तो करा, आणि ड्रायर घ्यायच्याच विचारात असाल आणि वॉशिंग मशीनही जुनं झालं असेल तर आधी 1200-1400 वालं फ्रंट लोड घ्या. बऱ्याच घरांत त्यानंतर ड्रायरची गरजच उरत नाही, फिरत्या पंख्याखाली रात्रीतून वाळतं. सेमी ऑटोमॅटिकवाल्या काकू हसतील हे वाचून, कारण त्यांच्या मशीनचा बाजूचा छोटा टब 1300 च्या वर फिरतो आणि कपडे चांगले कोरडे काढतो. (टब लहान असल्यानं जोर तेवढा नसतो, पण 700 वाल्या मोठ्या टबापेक्षा बरा.)

मग येतो हीट पंप ड्रायर. यात हीटर नसतो, फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो. गरम हवा कपड्यांतून जाते, ओली होते, मग थंड कॉइलवर तिच्यातलं पाणी गळून पडतं आणि तीच हवा पुढच्या गरम कॉइलवरून परत ड्रममध्ये जाते, म्हणजे उष्णता बाहेर न फेकता पुन्हा पुन्हा वापरली जाते. कपड्यांना ताप कमी लागतो, वेळ मात्र जास्त, अडीच तीन तास सहज. युरोपातल्या जुन्या लेबलवर हा फरक सरळ दिसायचा, वर्षाला 160 घाणे धरून आठ किलोच्या बी ग्रेडच्या साध्या कंडेन्सर ड्रायरला (हीटरवालाच, पण वाफ बाहेर न सोडता आतच तिचं पाणी करणारा) साधारण 560 युनिट आणि ए डबल प्लस हीट पंपला 235 च्या आसपास. निम्म्याहूनही कमी. स्वित्झर्लंडनं 2012 मध्येच साधे ड्रायर विकणं बंद केलं, आणि युरोपियन युनियनमध्ये 1 जुलै 2025 पासून नवीन नियमांत फक्त हीट पंपवालेच बसतात.

माझी मावसबहीण जर्मनीत असते, तिला हे परवडतंच. तिकडे थंडीत बाहेर कपडे वाळत नाहीत, वर्षभर ड्रायर चालतो, युनिट 35-40 सेंटला पडतं, म्हणजे वर्षाला शंभर-सव्वाशे युरो वाचले, दोन-तीन वर्षांत जादाचे पैसे सुटले. पण तोच हिशोब ठाणे-डोंबिवलीला लावून बघा. आपण ड्रायर जून ते सप्टेंबर वापरणार, समजा पन्नास घाणे, घाण्यामागे पावणेदोन युनिट वाचली तर सीझनला अकराशे-बाराशे रुपये. आणि हीट पंपची किंमत साध्या ड्रायरच्या दुपटीच्या आसपास, वरचे तीस-पस्तीस हजार वसूल व्हायला पंचवीस-तीस वर्षं लागतील, तोवर मशीन तरी कुठे टिकायचं. त्यामुळे इकडे कुणी "वीज वाचते" म्हणून हीट पंप घेत असेल तर मी नको म्हणेन. हां, पाइप बाहेर काढायला खिडकीच नसेल, घरात तान्हं बाळ असेल आणि रोज दोन घाणे निघत असतील, किंवा लोकर-रेशीम जास्त असेल, तर गोष्ट वेगळी.

पाइपवरून आठवलं, साध्या व्हेंटेड ड्रायरचा पाइप खिडकीबाहेर सोडायचा म्हणजे सोडायचाच. तो घरातच सोडून देणारे लोक मी पाहिलेत, आणि मग भिंतीला बुरशी का येते म्हणून विचारतात. अरे तीन लिटर पाण्याची वाफ तुम्ही हॉलमध्ये सोडताय! आणि लोकांना अजून एक शंका असते की बाहेर हवाच इतकी ओली तर ड्रायर काम कसं करणार. करतो. 27 डिग्रीची 90 टक्के दमट हवा 60 डिग्रीपर्यंत तापवली की तिची आर्द्रता 15-16 टक्क्यांवर येते, मग ती पाणी ओढून घेते. पूर्वी शेगडीवर पाटी उपडी घालून बाळाचे लंगोट वाळवायचे त्यात हेच चालायचं, फक्त कोळशाच्या वासासकट.

वॉशर ड्रायर म्हणजे एकातच दोन्ही, जागा वाचते, पण दोन गोष्टी विचारून घ्या. एक, 8 किलो धुणारं मशीन वाळवतं मात्र 5 किलोच, म्हणजे मधे थांबून अर्धे कपडे बाहेर काढायचे. दोन, त्यातली बरीच मॉडेल्स वाफ थंड करायला नळाचं गार पाणी वापरतात, ते पाणी गटारात जातं. ज्या सोसायटीत मे महिन्यात टँकर येतो तिथे हे मला पटत नाही.

आणि आता मी स्वतः काय करते ते. पूर्ण वाळेपर्यंत ड्रायर चालवतच नाही. शेवटचा थोडासा ओलावा, जाड कॉलर, जीन्सचे खिसे, इलॅस्टिक, यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि तोवर बाकीचे पातळ कपडे उगाच भाजत राहतात. मी 'आयर्न ड्राय'वर थांबवते, कपडे जरा दमट निघतात, लगेच हँगरला लावून पंख्याखाली. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) 30 वॅटचा, रात्रभर चालला तरी चार रुपये. कुबट वास यायच्या आत वाळतात, इस्त्रीही सोपी जाते. जीन्स-टॉवेल एका घाण्यात, टी-शर्ट आणि पोरांचे युनिफॉर्म दुसऱ्यात, सगळं एकत्र कोंबायचं नाही. बेडरूममध्ये रात्री एसी लागणारच असेल तर स्टँड तिथेच उभा करते, एसी हवेतलं पाणी तसंही काढतच असतो, बाहेरच्या पाइपातून टपटप पडतं ते तेच. आणि लिंट फिल्टर प्रत्येक घाण्यानंतर. त्यावर कापसाचा मऊ राखाडी थर जमतो तो बोटानं एका पट्टीत निघतो, नाही काढला तर हवा अडते, वेळ वाढतो, आणि हीटर जवळच असल्यामुळे आगीचाही धोका.

एक शेवटचं, ज्यांच्याकडे नवीन स्मार्ट टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेप्रमाणे वेगळा दर लावणारा) बसलाय त्यांना 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या वापरावर युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सवलत आहे. तीन युनिटांना अडीच-तीन रुपये, फार नाही, पण कुणी घरी असेल तर ड्रायर रात्री कशाला लावायचा, दुपारीच लावा. नणंदेला म्हटलं, आधी तुझ्या मशीनवर स्पिन किती आहे त्याचा फोटो पाठव, मग ड्रायरचं बोलू. अजून पाठवला नाहीये.