पापणी उतरली तेव्हा

बोटॉक्स म्हटलं की लोकांना सुरकुत्या आठवतात. पण अमेरिकेत १९८९ साली त्याला पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी. मी ते घेते हेमिफेशियल स्पाझमसाठी. यात मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेवर दाबून बसते आणि अर्धा चेहरा आपोआप ओढला जातो. बाईचा डावा डोळा लवणं शुभ, असं सासूबाई म्हणायच्या. ओठही ओढायला लागल्यावर मात्र त्यांनीच डॉक्टरांचा तगादा लावला.

पहिल्या इंजेक्शनांनी आठवडाभरात लवणं थांबलं, पण पापणी उतरली. दिवसा डोळा अर्धा झाकलेला आणि झोपताना पूर्ण मिटत नसे. चूळ भरली की पाणी डाव्या कोपऱ्यातून थेट ब्लाउजवर. फोनवर ‘प’ आणि ‘ब’ नीट उमटेनात. काही दिवसांत जाईल, एवढंच तिथे सांगितलं होतं. आठवडे उलटले तरी ते गेलं नाही, तेव्हा मी फार घाबरले.

दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टबाईंनी नीट बसवून समजावलं. हे औषध नसेकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं. एकदा बसलेलं औषध काढून घेता येत नाही. नसेची टोकं पुन्हा काम करू लागेपर्यंत, म्हणजे साधारण तीन-चार महिने, थांबावं लागतं. पापणी बहुधा त्याआधी सुधारते. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर मात्र तडक कॅज्युअल्टी गाठायची. नेत्रतज्ज्ञांनी पिवळा रंग घालून बुबुळ कोरडं पडून खरचटलंय का ते पाहिलं. दिवसा थेंब, रात्री जेल आणि पापणीवर मायक्रोपोअरची पट्टी. ती पट्टी सकाळी काढताना पापण्यांचे केस उपटायचे, म्हणून आधी ओल्या कापसाने भिजवायला लागले.

खरा राग आला तो कागदाचा. आधीच्या ठिकाणच्या कागदावर ‘बोटॉक्स दिले’ एवढंच. मी मागे लागून ब्रँड, युनिट आणि टोचलेल्या जागा लिहून आणल्या. वेगवेगळ्या ब्रँडची युनिटं सारखी नसतात, त्यामुळे याशिवाय पुढचा डोस ठरवणार कसा? पेशंटने न मागताच हे मिळायला हवं.

पुढच्या वेळी बाईंनी वरच्या पापणीचा मधला भाग सोडला आणि ओठाजवळचा डोस कमी केला. पापणी उतरली नाही. हसू अजून थोडं तिरकं आहे, पण चूळ नीट भरता येते. नसेवरचा दाब काढायची शस्त्रक्रियाही असते; तिच्यात त्या बाजूच्या कानाला किती धोका, हे आता सर्जनना विचारायचंय.