तुम्ही विचारलेत म्हणून: दोघांना करमते का?

दगडू आणि धोंडू या आमच्या दोन कासवांना वेगवेगळ्या घरांत का ठेवले आहे, एकमेकांशिवाय त्यांना करमते का, हा प्रश्न पुण्याहून सासूबाईंनी विचारला, श्टुटगार्टजवळच्या आमच्या घराच्या कुंपणावरून शेजारच्या जर्मन आजींनी विचारला, आणि मधली लाकडी फळी पाहून जवळजवळ प्रत्येक पाहुण्याने विचारला. दर वेळी मी ‘मारामारी करतात’ एवढे सांगून चहा ठेवायला उठते. ते उत्तर खोटे आहे. ती दोघे कधीच मारामारी करत नव्हती. केली असती तर मला लवकर कळले असते.

‘येताना आम्हालाही एक आणा, कासव शुभ असते’ या मागणीचे उत्तर सोपे आहे. या हेर्मान नावाच्या, जमिनीवर राहणाऱ्या जातीच्या कासवांना युरोपात कागदपत्रे लागतात, आणि त्यांत प्रत्येकाच्या पोटाकडच्या कवचाचे छायाचित्र असते, कारण त्यावरची नक्षी प्रत्येकाची निराळी. भारतातले स्टार कासव घरात पाळणे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. तेव्हा पाण्याच्या वाटीतले पितळेचे कासव आहे तेच बरे. त्याला दिवाही लागत नाही.

मी अभ्यास न करता कासवे आणली, असे मात्र कोणी म्हणू नये. अतिनील किरणांचा दिवा कोणता घ्यायचा, त्याखाली ३५ अंश आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला वीसेक अंश तापमान कसे राखायचे, फळे न देता डँडेलियनची आणि इसबगोलाच्या कुळातल्या एका रानटी रोपाची पाने का द्यायची, हे सगळे मला पिल्ले घरी येण्याआधीच पाठ होते. कवचावर उंचवटे येतात ते मुख्यतः कोरड्या हवेमुळे, असे व्हिएन्नातल्या संशोधकांनी २००३ मध्ये एका आफ्रिकी जातीच्या पिल्लांवर दाखवले होते; म्हणून लपायच्या जागेतली माती मी रोज पाणी शिंपडून ओलसर ठेवत असे. हिवाळ्यात दोघे फ्रीजमध्ये ५ अंशांना शीतनिद्रा घेत (त्यांच्या स्वतंत्र फ्रीजमध्ये, भाजीच्या नव्हे). एवढे करूनही, मी एक आणायला गेले होते आणि दोन घेऊन आले, हे बरोबर केले का, एवढेच तपासायचे राहिले. एकट्याला कंटाळा येईल असे वाटले, आणि ते इतके उघड वाटले की त्याची चौकशी करायची असते हे सुचलेच नाही.

दुसऱ्या वसंतात, एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी धोंडू दिव्याखाली उताणा पडलेला दिसला. मान बाहेर लोंबत होती, पाय हलत नव्हते आणि कवच हाताला चटका बसेल इतके तापले होते. दगडू वीतभर अंतरावर पाने खात होता. धोंडूला कोमट पाण्याच्या ताटलीत धरून मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहिले; किती वेळ ते सांगता येणार नाही, पण पाणी दोनदा बदलले. मग त्याचा एक मागचा पाय हलला.

सुटीच्या दिवशी सुरू असलेल्या दवाखान्यातल्या पशुवैद्य बाईंनी दोघांचीही वजने केली. दगडू ९४ ग्रॅम, धोंडू ४१. वजनाची नोंद ठेवता का, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी अभिमानाने वही पुढे केली: चौदा महिने, एकही रविवार चुकलेला नाही, ६४ ग्रॅमपासून सुरुवात आणि हिवाळा सोडला तर सारखी चढती रेघ. त्यांनी ती पाहिली आणि विचारले, ‘हे कोणाचे?’ मी म्हणाले, ‘दोघांचे.’

मी दोघांना एकाच वाटीत ठेवून, एकत्रच काट्यावर ठेवत होते. आणली तेव्हा कागदांवर ३३ आणि ३१ ग्रॅम लिहिलेले होते. म्हणजे त्या सुरेख रेघेतली बहुतेक वाढ दगडूची होती, आणि धोंडू चौदा महिन्यांत दहा ग्रॅम वाढला होता. एकत्र का, तर त्यांना वेगळे केले की मलाच वाईट वाटे.

मग बाईंनी विचारले, कोण कोणावर बसते? माझ्या फोनमध्ये ‘जिवलग’ म्हणून नातेवाइकांना पाठवलेल्या कितीतरी चित्रफिती होत्या, आणि त्या प्रत्येकीत वरचा दगडूच होता. कासव दुसऱ्याला हाकलते ते असे, त्या म्हणाल्या. अंगावर चढून, वाट अडवून, मागे मागे फिरून, अजिबात आवाज न करता. मोकळ्या रानात धाकटा निघून गेला असता. सव्वा मीटरच्या पेटीतून तो कुठे जाणार?

त्या वेळच्या मला मी अजून अधूनमधून जाब विचारते. ती म्हणते, रक्त नाही, ओरडा नाही, दोघे शेजारी शेजारी झोपत होते, मला कसे कळणार? मी म्हणते, घरात काटा होता. ती म्हणते, काटा मी दर रविवारी वापरतच होते. हे भांडण इथेच अडते, कारण तिचे म्हणणे पूर्ण खोटे नाही आणि माझेही नाही.

आता धोंडू ११८ ग्रॅमचा आहे. कवच किंचित वाकडे राहिले आहे आणि एकटा असूनही तो दुपारपर्यंत लपूनच बसतो. दगडू रोज संध्याकाळी फळीला घासून येरझाऱ्या घालतो. शेजारच्या आजी म्हणतात, आठवण येते त्याला. मी म्हणते, हद्द राखतो आहे. पण ठामपणे सांगण्याइतकी माझी पत या बाबतीत उरलेली नाही. नर की मादी हेही कळायला आणखी काही वर्षे लागतील. नावे आम्ही आधीच ठेवून बसलो. मोठ्या बागेत अनेक माद्यांमध्ये एक नर असा कळप सुखाने राहतो, असे सांगणारी जाणती माणसे आहेत, आणि एकाला तशा बागेत देऊन टाकावे असे दर वसंतात मनात येते. कोणाला द्यावे, यावर विचार थांबतो.

सासूबाई जूनमध्ये येणार आहेत. ‘फळी काढून बघू तर खरे’ असे त्या म्हणणार, हे मला आत्ताच ऐकू येते आहे, आणि मी नाही म्हणणार आहे.