बीकॉमनंतर जर्मनी: कोर्स शोधण्याआधी स्वतःची मार्कशीट वाचा

परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की बहुतेक घरांत पहिला प्रश्न असतो ‘कुठलं विद्यापीठ चांगलं?’ आणि दुसरा ‘खर्च किती?’ बीकॉम, बीएमएस किंवा बीबीए करून जर्मनीत व्यवस्थापनाचं मास्टर्स करायचं असेल, तर या दोन्हींच्या आधी तिसरा प्रश्न सोडवायला हवा: तुमच्या पदवीत कोणत्या विषयाचे किती क्रेडिट आहेत? जर्मन सरकारी विद्यापीठं अर्ज तपासताना आधी तेच मोजतात. तिथे कमी पडलात तर उत्तम एसओपी (हा कोर्स का करायचा हे सांगणारं निवेदन) आणि आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेतले साडेसात बँडही अर्ज वाचवू शकत नाहीत.

मोजणी कशी होते ते पाहू. युरोपात क्रेडिट मोजायची सामाईक पद्धत म्हणजे ईसीटीएस. तिच्यात एका वर्षाच्या पूर्णवेळ शिक्षणाचे ६० क्रेडिट धरतात, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीचे १८०. आपल्याकडे जुन्या क्रेडिट पद्धतीत तीन वर्षांचे १२० क्रेडिट होत. त्या हिशेबाने आपला एक क्रेडिट साधारण दीड ईसीटीएसचा. नव्या शैक्षणिक धोरणाखालच्या पदवीचे तीन वर्षांचे क्रेडिट १३२ असतील, तर हाच भाव १.३६ वर येतो. म्हणून मित्राचा हिशेब स्वतःला लावू नका. आपल्या ट्रान्सक्रिप्टवरचे, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या सगळ्या सत्रांच्या एकत्रित गुणपत्रकावरचे, एकूण क्रेडिट घ्या आणि १८० ला त्यांनी भागा.

आता एक्सेलमध्ये चार रकाने करा. पहिल्यात व्यवसाय व्यवस्थापन: फायनान्शियल अकाउंटिंग, कॉस्टिंग, मार्केटिंग, एचआर, ऑडिटिंग. दुसऱ्यात अर्थशास्त्र. तिसऱ्यात गणित, संख्याशास्त्र, ऑपरेशन्स रिसर्च. चौथ्यात उरलेलं सगळं: फाउंडेशन कोर्स, पर्यावरण, बिझनेस कम्युनिकेशन, भाषा. चौथा रकाना प्रवेशाच्या अटीत सहसा धरला जात नाही.

बीकॉमचे विद्यार्थी अडतात ते तिसऱ्या रकान्यात. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या बीकॉममध्ये पहिल्या वर्षी ‘मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्स’ दोन सत्रं असे, प्रत्येकी तीन क्रेडिट. म्हणजे सहा क्रेडिट, नऊ ईसीटीएस, आणि पुढे फारसं काही नाही. पुणे विद्यापीठाच्या बीकॉमला तर पहिल्या वर्षी गणित-संख्याशास्त्राऐवजी संगणकाचा विषय घेता येई. ज्यांनी तो घेतला, त्यांचा हा रकाना जवळजवळ कोराच राहतो. एखाद्या कोर्सने संख्यात्मक विषयांचे १५ ईसीटीएस मागितले की अशा अर्जाला सरळ नकार येतो, टक्के कितीही असोत. बीएमएसवाले इथे बऱ्या स्थितीत असतात, कारण त्यांना बिझनेस स्टॅटिस्टिक्स, बिझनेस मॅथेमॅटिक्स आणि शेवटी ऑपरेशन्स रिसर्च असं तिन्ही मिळतं.

रकाना कमी पडला तर काय करायचं? तुम्ही अजून दुसऱ्या वर्षात असाल तर इलेक्टिव्ह निवडताना संख्याशास्त्र, इकॉनोमेट्रिक्स, रिसर्च मेथडॉलॉजी यांना आधी हात घाला. चौथ्या वर्षाचा ऑनर्सचा पर्याय असेल तर तो याच कारणासाठी मोलाचा आहे. पदवी हातात पडली असेल, तर अटी शिथिल असलेले कोर्स शोधा. काही ठिकाणी प्रवेश देऊन कमी पडलेले विषय पहिल्या वर्षात पूर्ण करायला सांगतात. जर्मनमध्ये याला ‘आउफ्लागे’ म्हणतात. ऑनलाइन सर्टिफिकेटांवर मात्र भिस्त ठेवू नका. पदवीच्या मार्कशीटवर नसलेले क्रेडिट बहुतेक विद्यापीठं धरत नाहीत.

या अटी नेमक्या कुठे लिहिलेल्या असतात? कोर्सच्या इंग्रजी पानावर ‘बिझनेस किंवा संबंधित विषयातली पदवी’ एवढंच असतं आणि तेवढं वाचून लोक अर्ज करतात. खरी अट प्रवेशाच्या नियमावलीत असते. तिचं जर्मन नाव ‘त्सुलासुंग्स-झात्सुंग’ किंवा त्यासारखंच काहीतरी. बऱ्याचदा ती फक्त जर्मन पीडीएफमध्ये मिळते. भाषांतराचं साधन वापरा, पण ती वाचाच. गटवार ईसीटीएस, किमान ग्रेड, जीमॅट ही व्यवस्थापनाची प्रवेशपरीक्षा लागते का, गुणांकन कसं होतं, हे सगळं तिथे आकड्यांत असतं. तीच तुमची गाळणी. डीएएडी या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या संकेतस्थळावर इंग्रजी कोर्सेसची यादी आहे. तिथून तीसेक नावं काढली आणि नियमावल्या वाचल्या की हातात आठ-दहा उरतील, आणि अर्ज त्यांनाच करायचे.

ग्रेडचं गणितही स्वतः करून ठेवा. जर्मनीत १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला कमाल आणि पासिंगच्या गुणांमधल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. दहापैकी ७.६ सीजीपीए आणि पासिंग ४ असेल तर उत्तर २.२ येतं. त्याच सीजीपीएचे टक्के करून १०० पैकी ६६ आले आणि पासिंग ४० असेल तर २.७. अनेक कोर्सेसची मर्यादा २.५ असते, म्हणजे सीजीपीए की टक्के यावर एकाच विद्यार्थ्याचं पारडं फिरू शकतं. म्हणून सीजीपीएचे टक्के स्वतःहून करून पाठवू नका. ट्रान्सक्रिप्टवर जे आहे तेच द्या, आणि पासिंगचा ग्रेड दाखवणारा तक्ता, जो बहुधा मार्कशीटच्या मागे छापलेला असतो, तोही स्कॅन करून जोडा. तो नसला तर तपासणारा अंदाजाने आकडा धरतो किंवा अर्ज अपूर्ण ठरवतो.

आता कोर्सच्या प्रकाराबद्दल, कारण इथे पैशांचा मोठा घोळ होतो. जर्मनीत मास्टर्स दोन जातींचं असतं. पदवीनंतर लगेच करायचं ते ‘कॉन्झेकुटिव्ह’, आणि नोकरीचा अनुभव घेऊन करायचं ते ‘वायटरबिल्डेंड’. ‘सरकारी विद्यापीठात फी नसते’ हे वाक्य पहिल्या प्रकारालाच लागू आहे. एमबीए जवळजवळ नेहमी दुसऱ्या प्रकारात मोडतं, त्यामुळे सरकारी विद्यापीठातही त्याला फी असते. नुकतीच पदवी मिळालेल्यांनी एमबीएच्या नावामागे न जाता एमएससी इन मॅनेजमेंट, फायनान्स, सप्लाय चेन असे कोर्स पाहावेत.

पहिल्या प्रकारालाही अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे मानहाइम, ट्युबिंगेन, होहेनहाइम इथे, युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो लागतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली, मास्टर्सला सत्रामागे ४,००० ते ६,००० युरो. खाजगी संस्थांची फी याच्या बरीच वर जाते. त्यात उत्तम संस्था आहेत आणि केवळ परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर चालणाऱ्याही आहेत. फरक ओळखायचा तर आधी ‘अनाबिन’ या सरकारी यादीत संस्थेसमोर ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त, असा शेरा आहे का बघा, मग एएसीएसबी किंवा इक्विस ही बिझनेस स्कूलना मिळणारी आंतरराष्ट्रीय मान्यता आहे का ते. एवढं लक्षात ठेवा की अनेक सल्लागार कंपन्यांना कमिशन खाजगी संस्थांकडून मिळतं, सरकारी विद्यापीठांकडून नाही. सल्लागाराने दिलेल्या यादीत एकही सरकारी नाव नसेल तर त्याचं कारण विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

रँकिंगला माझ्या मते फार थोडं वजन द्यावं. मानहाइम हे जर्मनीतलं व्यवसाय व्यवस्थापनाचं अव्वल सरकारी विद्यापीठ, तरीही क्यूएस या जागतिक रँकिंगच्या एकूण यादीत पहिल्या २०० मध्ये नसतं, कारण तिथे इंजिनिअरिंग आणि वैद्यकशास्त्राचा पसाराच नाही. मात्र तुम्ही महाराष्ट्र सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीवर विसंबून असाल तर रँकिंग तुमच्यासाठी अटच ठरते. त्या वर्षीची जाहिरात वाचून, त्यात बसणारीच विद्यापीठं आधी बाजूला काढा.

भाषेच्या बाबतीत कॉमर्सवाल्यांनी इंजिनिअर मित्रांचा सल्ला घेऊ नये. सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजीवर नोकरी मिळू शकते. हिशेब, कर, एचआर, विक्री हे सगळं मात्र जर्मनमध्ये चालतं. कंपन्यांचे कायदेशीर हिशेब तिथल्या व्यापार कायद्याप्रमाणे, जर्मनमध्येच ठेवले जातात. आपलं टॅलीचं आणि जीएसटीचं ज्ञान तिथे थेट कामाला येत नाही. त्यामुळे कोर्स निवडतानाच कंट्रोलिंग (कंपनीच्या अंतर्गत खर्चाचं नियोजन आणि नियंत्रण), सप्लाय चेन, बिझनेस अॅनालिटिक्स, सॅप हे कंपन्यांचं सॉफ्टवेअर यांकडे झुकणारे विषय आहेत का हे मोड्युल हँडबुकमध्ये, म्हणजे कोर्सच्या विषयवार माहितीपुस्तिकेत, बघा. इंग्रजी कोर्स असला तरी निघण्यापूर्वी बी१ पर्यंत, म्हणजे ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांतल्या तिसरीपर्यंत, जर्मन करून घ्या. पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. नोकरी करत शिकणाऱ्यांना बी१ ला वर्षभर तरी लागतं, तेव्हा ते अर्जाच्या आधीच सुरू व्हायला हवं. शिकताना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं आणि पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. हे दोन्ही कागदावर छान दिसतं, पण भाषा नसली तर त्यातला बराच काळ गोदामात पार्सलं उचलण्यात जातो.

हँडबुक उघडलंच आहे तर परीक्षेचा नियमही वाचा. बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी असतात. अनिवार्य विषयात तिसऱ्यांदा नापास झालात तर कोर्स तिथेच संपतो आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा करता येत नाही. एटीकेटीची सवय असलेल्यांनी हे गंभीरपणे घ्यावं.

वेळापत्रक असं ठेवा. ऑक्टोबरच्या सत्रासाठी आदल्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये कागदपत्रं गोळा करायला लागा. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट आणि शिक्क्यासह सिलॅबस मिळायला आपल्याकडे महिना सहज जातो. मग एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याची जर्मन दूतावासाच्या केंद्राने केलेली पडताळणी. नोव्हेंबर २०२२ पासून ते भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हिसासाठी बंधनकारक आहे आणि अनेक विद्यापीठं अर्जातच मागतात. फी १८,००० रुपये. हंगामात उशीर होतो, म्हणून दिवाळीच्या आत अर्ज गेलेला बरा. युनि-असिस्ट ही अनेक विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था. तिच्यामार्फत जाणाऱ्या अर्जांना पहिल्या कोर्सचे ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाचे ३० युरो. सर्वसाधारण मुदत १५ जुलै असली तरी परदेशी विद्यार्थ्यांसाठी अनेक कोर्स मार्च ते मेमध्येच बंद होतात. शेवटच्या आठवड्यात अर्ज टाकू नका. कागद कमी असल्याचा ईमेल आला तर भरपाईला वेळ उरत नाही.

पैशांचं म्हणाल तर व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्यात, ११,९०४ युरो दाखवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ मिळतात. म्युनिकमध्ये एवढ्यात भागत नाही, खोलीचं भाडंच त्यातला मोठा वाटा खातं. लाइपझिग, केमनिट्स, माग्डेबुर्ग अशा पूर्वेकडच्या शहरांत नीट भागतं. तिशीच्या आतल्यांना सरकारी आरोग्य विमा विद्यार्थी दरात मिळतो. तिशी ओलांडली असेल तर विम्याचा हिशेब वेगळा मांडा. आणि रक्कम कर्जातून जाणार असेल तर बँकेला आधीच विचारा की पैसे ब्लॉक्ड अकाउंटला एकरकमी जातील का. काही बँका फक्त विद्यापीठाच्या नावाने हप्ते सोडतात आणि जिथे ट्यूशन फीच नाही तिथे त्यांचा फॉर्म अडतो. मंजुरीपत्रात ‘राहण्याचा खर्च’ असं स्वतंत्र कलम लिहून घ्या, व्हिसाच्या तारखेआधी किमान महिनाभर.