सोमवारचं रीडिंग

कळव्यातल्या एका मराठी शाळेत मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. दर जुलैत आम्ही रोपं लावतो, मुलं भित्तिपत्रकं करतात, फोटो निघतात. रोपं लावायलाच हवीत. पण आपली शाळा स्वतः किती कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते, हे आम्ही कधी मोजलंच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या मुलांना घेऊन मोजायला बसले.

शनिवारी दुपारी 1 वाजता शाळा सुटल्यावर जिन्याखालच्या मीटरचं रीडिंग घेतलं. सोमवारी सकाळी 7 ला, प्रार्थनेच्या आधी, पुन्हा घेतलं. मधल्या 42 तासांत शाळेत चिटपाखरू नव्हतं, तरी 41 युनिट जळली होती. एका मुलीने तीनदा वजाबाकी केली. मग विचारलं, "बाई, वीज कोणी वापरली?"

आपली वीज मुख्यतः कोळशाची. एका युनिटमागे साधारण 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरा, म्हणजे रिकाम्या शाळेने पावणेदोन दिवसांत 29 किलोच्या आसपास सोडला. शोध घेतला तेव्हा पाणी गार करणारे दोन कूलर, व्हरांड्यातल्या ट्यूब आणि संगणक कक्ष सापडला. तिथे संगणक बंद दिसत होते, पण भिंतीवरची बटणं चालूच होती. शिपाई मामांनी शनिवारची शेवटची फेरी स्वतःहून अंगावर घेतली. याला एक रुपया लागला नाही.

खरा कस लागला तो पंख्यांच्या बाबतीत. एका वर्गात 4 जुने पंखे, प्रत्येकी 75 वॅटचे, आणि चोकवाल्या 4 ट्यूब, प्रत्येकी 50 वॅटच्या. सगळं मिळून 500 वॅट. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे 30 वॅटवर फिरतात, एलईडी ट्यूब 20 वॅटची असते. म्हणजे तोच वर्ग 200 वॅटमध्ये भागतो. दोन पाळ्यांत मिळून शाळा दिवसाला 10 तास चालते. एका वर्गात रोजची 3 युनिट वाचतात, 220 दिवसांची 660. मुलांनी हे फळ्यावर मांडलं आणि मोठ्या बाई मागच्या बाकावर बसून शेवटपर्यंत पाहत होत्या. पालक-शिक्षक संघाने पहिल्या 6 वर्गांचे पैसे उभे केले.

आणि गाडी डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीवर अडली. जुना पंखा रजिस्टरात आहे, तर निर्लेखनाची, म्हणजे त्याची नोंद काढून टाकण्याची मंजुरी आल्याशिवाय तो उतरवायचा नाही. संस्थेकडे अर्ज, मग यादी, मग यादीत अनुक्रमांक चुकले म्हणून नवी यादी. 7 महिने गेले. नवे पंखे खोक्यांतच, आणि मार्चच्या उकाड्यात मुलं जुन्यांखाली बसलेली, हे बघताना फार जीव तुटायचा. कुणी हे करणार असेल तर निर्लेखनाचा अर्ज आधी टाका, खरेदी नंतर.

आणखी एक. रिमोटवरच चालणारे पंखे वर्गासाठी घेऊ नका. 50 मुलांत रिमोट टिकत नाही. भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारे मिळतात, ते घ्या. वायरमन आलाच आहे तर खिडकीकडच्या ट्यूबना वेगळं बटण करून घ्या. आमच्याकडे चारही ट्यूब एकाच बटणावर होत्या. आत अंधार म्हणून एक लावायची तर खिडकीतल्या लख्ख उजेडातही दोन जळायच्या. आता पावसाळी दिवस सोडले तर खिडकीची रांग बंदच असते.

गच्चीवर सोलर बसवायचाही विचार आहे. किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट जागा लागते, ती आहे. पण आधी गच्चीची गळती काढावी लागेल.

या जूनमध्ये नव्या आठवीने रीडिंगची वही हातात घेतली. परवाच्या सोमवारी फरक 9 युनिटांचा आला. कॅमेरे आणि फाटकावरचा दिवा धरून मुलांचा हिशेब 7 पर्यंत जातो. उरलेली 2 कुठे जातात, ते शोधायला पुढच्या शनिवारी चौघं थांबणार आहेत.