टिकलीच्या मखमलीची पावडर आणि न जाणारा खोकला

सहा महिन्यांची एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, पूर्ण झाली होती, एकही डोस चुकवला नव्हता, आणि खोकला होता तिथेच. बाई पस्तिशीच्या आसपास, नवऱ्याबरोबर आलेल्या, पिशवीत एक्स-रेची चळत आणि चिठ्ठीवर आधीच्या डॉक्टरांनी लिहिलेलं, टीबी परत उलटला असावा. मी पालिकेच्या हॉस्पिटलात छातीच्या ओपीडीला असते. गणपतीनंतर आमच्याकडे इतकी गर्दी असते की एका पेशंटला पाच मिनिटं मिळाली तरी खूप, त्यामुळे टीबी म्हणून आलेला माणूस टीबी म्हणूनच पुढे सरकतो, कुणाला दोष देत नाही मी, आपल्याकडे टीबी आहेच तेवढा.

पण यांच्या थुंकीत जंतू कधी सापडलाच नव्हता. सीबीनॅट, म्हणजे टीबीचा जंतू शोधणारी मशीनवरची तपासणी, दोन्ही वेळा निगेटिव्ह, ताप नाही, रात्रीचा घाम नाही, वजन मात्र उतरलेलं. पाठीला स्टेथोस्कोप लावला तर श्वास पूर्ण आत घेताना खालच्या भागात बारीक चरचर, दोन्ही बाजूंना सारखी. बसल्या जागी ऑक्सिजन ९५ होता, कॉरिडॉरमधून दोन फेऱ्या मारून आणलं तर ८७. बाई भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जिना चढताना पण असंच होतं मॅडम, मधे थांबावं लागतं."

"ताई, काम काय करता?"

"कंपनीत जाते."

"कंपनीत काय?"

"हेल्पर."

हे उत्तर रोज ऐकते आणि त्यातून काहीच कळत नाही. म्हणून मी नेहमी पुढचं विचारते, सकाळी गेल्या गेल्या हाताने पहिलं काम काय करता ते सांगा. मग त्यांनी सांगितलं. भिवंडीकडचा एक गाळा. कापडाच्या रोलला गोंद लागतो, वरून रंगीत पावडर पडते, "करंटने ती पावडर उभी राहते" आणि मखमल तयार होते. त्या मखमलीच्या टिकल्या दुसरीकडे पाडतात, दागिन्यांच्या डब्यांना आतून लावायलाही तेच कापड जातं. यांचं काम म्हणजे मशीनखाली सांडलेली पावडर गोळा करायची, चाळायची, परत वर भरायची, आणि संध्याकाळी कंप्रेसरची हवा मारून मशीन, फरशी आणि शेवटी एकमेकींचे कपडे साफ करायचे. बोलताना त्यांनी ओढणी झटकली तर टेबलाच्या काचेवर लालसर लव पडली, त्या दिवशी सकाळी कामावर जाऊनच आल्या होत्या.

तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेला नवरा बोलला. "गावी गेली की निम्मा खोकला जातो हिचा. आता गणपतीला पंधरा दिवस होती, रात्री झोपत होती नीट. आल्यावर चार दिवसांत परत सुरू. इकडची हवाच खराब आहे."

हे वाक्य ऐकल्यावर मी पेन खाली ठेवलं. रजेवर बरं आणि कामावर परत त्रास, हे कळलं की अर्धं निदान हातात येतं, पण ते कुणी विचारलंच नव्हतं त्यांना.

एमडी करताना वाचलेलं डोक्यात होतं. ही पावडर म्हणजे नायलॉनचे बारीक कापलेले धागे, फ्लॉक. कॅनडात किंग्स्टनला अशाच एका कारखान्यात १९९० आणि १९९१ मध्ये पाच कामगारांना फुप्फुसाचा आजार झाला, तेव्हा संशय गेला गोंदातल्या बुरशीवर. पुढे त्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या कारखान्यातले कामगार डॉ. डेव्हिड कर्न यांच्याकडे आले, एक १९९४ मध्ये आणि दुसरा १९९६ मध्ये, दोघांनाही तसाच दम आणि फुप्फुसं आखडत चाललेली. कर्न तिथे थांबले नाहीत, कारखान्यात जाऊन पाहिलं, बाकीच्यांना तपासलं. कंपनीला हे बाहेर यायला नको होतं, त्यांच्यावर गप्प राहण्याचा दबाव आला, तरी १९९७ मध्ये त्यांनी ते छातीच्या डॉक्टरांच्या परिषदेत मांडलं आणि १९९८ मध्ये सविस्तर पेपर छापून आला. त्या आजाराला आता फ्लॉक वर्कर्स लंग म्हणतात. नोकरीची किंमत मोजून त्या माणसाने हे केलं, मला त्याच्याविषयी मनापासून आदर आहे.

आणि यातली खरी गोम अशी आहे की डोळ्याला दिसते ती लव फुप्फुसात खोल जातच नाही. धागा दहा-पंधरा मायक्रॉन जाड, लांबी साधारण मिलिमीटरभर, तो नाकात घशात अडकतो, शिंकेतून खोकल्यातून बाहेर पडतो. पण धागे फिरत्या पात्याच्या कटरने कापतात, पातं बोथट झालं की नायलॉन कापलं जाण्याऐवजी घासलं जातं, गरम होतं, टोकाला बारीक शेपट्या सुटतात, आणि त्या तुटल्या की असे तुकडे होतात जे डोळ्याला दिसत नाहीत आणि थेट शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. नायलॉन तिथे विरघळत नाही. शरीर त्याच्याभोवती पेशी गोळा करत बसतं, महिनोन्‌महिने, आणि त्या सुजेने श्वासनळीच्या अगदी बारीक फांद्या आणि आसपासचं फुप्फुस जाड व्हायला लागतं.

एचआरसीटीमध्ये, म्हणजे फुप्फुसांच्या बारीक सीटी स्कॅनमध्ये, दोन्हीकडे धुरकट पट्टे आणि बारीक ठिपके निघाले. फुंकर चाचणीत एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जोरात बाहेर फुंकता येते ती हवा, अपेक्षेच्या ५६ टक्के. ब्रॉन्कोस्कोपी करून, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून, घेतलेल्या फुप्फुसाच्या तुकड्यात बारीक श्वासनळ्यांभोवती लिम्फोसाइट पेशींची गर्दी होती, टीबीचं काहीही नव्हतं. धागा मात्र त्या तुकड्यात कुठे दिसला नाही, आणि त्यावरून आमच्याच खात्यात वाद झाला की मग नायलॉनचं नाव कशाला घ्यायचं. म्हणून ताईंच्या मैत्रिणीकडून थोडी पावडर मागवली आणि आमच्या पॅथॉलॉजीच्या मॅडमनी ती पोलराइज्ड लाइटखाली पाहिली. धागे लख्ख चमकत होते आणि कितीतरी धाग्यांच्या टोकाला शेपट्या होत्या. त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

मग आमच्या सोशल वर्करना घेऊन गाळा बघायला गेले. सेठ सुरुवातीला दारातच उभा होता, आत घेईना. मी म्हटलं, मी इन्स्पेक्टर नाही, तुमच्याकडची बाई माझी पेशंट आहे, तिला काय झालं ते बघायला आलेय. आत मशीन खरं तर बघत राहावं असं, गोंद लावलेल्या कापडावर करंटमुळे एकेक धागा भाताच्या रोपासारखा ताठ उभा राहतो. पण कटर त्याच खोलीत, मधे साधा पडदासुद्धा नाही. एक्झॉस्टच्या पंख्याच्या पात्यांवर पावडरचा थर. तोंडाला कुणी रुमाल बांधलेला, कुणी ओढणी, आणि रुमालातून हे बारीक तुकडे सहज आरपार जातात. सुटायच्या वेळेला एका पोराने हवा मारायला सुरुवात केली आणि दोन मिनिटांत समोरचा माणूस धूसर दिसायला लागला. अमेरिकेतल्या तपासणीतही हेच निघालं होतं, हवा मारताना बारीक धूळ सगळ्यात जास्त.

सेठला मी तिथेच सांगितलं, बाकी सगळं नंतर, ही हवा मारणं आजपासून बंद करा आणि व्हॅक्यूम आणा, कटर वेगळ्या बंद खोलीत टाका, पाती वेळेवर बदला. त्याने ऐकून घेतलं. व्हॅक्यूम आला, कटर अजून तिथेच आहे.

कागदावर काही करता येईल का तेही पाहिलं. तेव्हाचा फॅक्टरी ॲक्ट लागू व्हायला ठरावीक कामगार लागायचे, गाळ्याच्या रजिस्टरवर तेवढे नव्हते, आठच. सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस, बिसिनोसिस ही धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारांची नावं कायद्याच्या यादीत आहेत, नायलॉनच्या धुळीने होणारा आजार नावाने कुठेच नाही. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड ताईंचं नव्हतंच. तरी मी सगळा रिपोर्ट लिहून इंडस्ट्रियल सेफ्टीच्या ऑफिसला पाठवला, निदान कुठेतरी नोंद राहावी.

ताईंनी काम सोडलं. हे लिहिणं सोपं आहे, त्यांच्या घरात त्या पगाराचं भाडं जात होतं आणि मी तोंडावर सांगितलं होतं की गोळ्या दुय्यम आहेत, तिथे परत गेलात तर गोळ्यांचा उपयोग नाही. स्टेरॉइड काही महिने देऊन हळूहळू कमी केलं. एफव्हीसी ५६ वरून ६९ वर आली आणि तिथेच थांबली, जेवढं फुप्फुस आखडलं ते काही परत उलगडणार नाही. आता त्या घरी पोळीभाजीचे डबे करतात, खोकला नाही, जिना मात्र अजून सावकाश चढतात.

गाळ्यातल्या बाकीच्यांना फुंकर चाचणीला बोलावलं होतं, फुकट, रविवारी. निम्मेच आले. त्यात कटरवरचा पोरगा होता, सत्तावीस वर्षांचा, मला काहीच होत नाही म्हणत हसत आला, आणि त्याची एफव्हीसी ६४ निघाली. मी त्याला दोन्ही आकडे शेजारी लिहून दाखवले, त्याचा आणि ताईंचा. तो बराच वेळ कागद बघत राहिला, मग म्हणाला, "मॅडम, दिवाळीचा सीझन होऊ दे, मग सोडतो." मी म्हटलं, सीटी या आठवड्यातच करायचा, आणि सीझनमध्ये कटरवर नाही, पॅकिंगला बस, सेठशी मी बोलते. सेठला फोन केला. त्याला पॅकिंगला बसवलं, पगार मात्र कमी केला, आणि त्यावरून आमचं अजून चाललंय.