उपकारस्तुतीच्या रात्री

कोल्हापुरात एका बायबल कॉलेजच्या वसतिगृहात मी मेट्रन आहे. मुलं मावशी म्हणतात. सुट्टीच्या वहीवर सही माझी लागते आणि स्वयंपाकघरही माझ्याकडेच.

31 डिसेंबर 2019. वर्षाच्या शेवटच्या रात्री आमच्याकडे उपकारस्तुतीची उपासना असते. एकेक जण उठून साक्ष देतो: आजारातून उठलो, फी भरली गेली, ग्रीकचा पेपर सुटला. बाराला प्रार्थना, मग जेवण.

पांढरा रस्सा मी कुणाच्या हाती देत नाही. मटणाचं अळणी, म्हणजे मटण शिजलेलं पाणी, आधी गाळून घ्यायचं. खसखस, तीळ, काजू गंधासारखे वाटायचे. नारळाचं दूध अगदी शेवटी, आणि ते पडलं की आच मंद. पळी हलती ठेवायची, खळखळून उकळू द्यायचं नाही, नाहीतर रस्सा फुटतो. त्या दिवशी पंचवीस नारळांचं दूध मी स्वतः पिळलं होतं.

सगळ्या साक्षी पुराच्याच. ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 55 फुटांवर गेली, तेव्हा पूरग्रस्त आमच्या हॉलमध्ये राहिले होते. त्यांची सेवा घडली म्हणून जो तो देवाचे उपकार मानत होता. मग शिरोळ तालुक्यातला, दुसऱ्या वर्षाचा मुलगा उठला.

"मला साक्ष देता येत न्हाई. मी हितं लोकांस्नी भात वाढत हुतो. घरात आजी एकटी. तिला नावेतनं काढलं. म्हस दावणीलाच मेली. दावं सोडायला मी न्हवतो."

प्राचार्यांनी पेटीवाल्याला खूण केली आणि भजन सुरू झालं. मला ते मुळीच आवडलं नाही. बायबलमधल्या 150 स्तोत्रांत कितीतरी विलापाची आहेत. 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळ नाही. वर्गात हेच शिकवतात ना? मग पोराच्या दुःखाला दोन मिनिटं शांत बसता आलं नसतं?

पण हे बोलायला मी तरी कोण? ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो वही घेऊन माझ्याच दारात आला होता. "मावशी, दोन दिवस गावाकडं जाऊ काय? पाणी चढालंय." महामार्ग तेव्हा चालू होता. मी म्हटलं, "वाटेत अडकशील. इथंच देवाचं काम आहे." अडकला असता, हे खोटं नाही. पण हॉलमध्ये माणसं येत होती आणि मला वाढायला हात हवे होते, हे खरं कारण. पुढे शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि कोल्हापूरच तुटलं.

जेवणं उरकल्यावर तो न सांगता भांडी घासायला आला. मी त्याला सगळं सांगितलं. रस्ता चालू होता, मला ठाऊक होतं, मला तू इथं हवा होतास. तो पातेलं घासत राहिला. हो नाही, ना नाही.

कोपऱ्यात नारळाच्या चोथ्याची बादली होती.

"मावशी, ह्यो चोथा टाकणार?"

"हो रे."

"आमच्यात म्हशीला घालत्यात."

हात पुसून त्यानं बादली उचलली आणि मागच्या गल्लीतल्या गोठ्याकडे निघाला. रात्रीचा दीड वाजला होता. मी पुढे होऊन फाटक उघडलं.